आठव्या घराचा नववा नंबर

सोलापूर,
दुकानातून, दुपारी. गिऱ्हाईक नाही.

तीर्थस्वरूप महेश्वरदाजी यांना शिवूचे शरणु शरणार्थी.

पत्र बघून दचकू नका. इथं सगळे ठीक आहेत, कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचं पित्त कमी झालं का? (दानेश्वरी म्हणते, सकाळचा चहा सोडला की पित्त जातं. तिनं स्वतः सोडलेला नाही, पण बायकोचं ज्ञान आणि वागणं यांचा संबंध लावायचा नसतो, हे मी तुमच्याकडूनच शिकलो.) पत्र लिहायचं कारण असं, की दुसरी सोय उरलेली नाही. अक्काला फोन लावला की ती 'आधी अप्पांना बोलू दे' एवढं म्हणून ठेवून देते, आणि तुमचा फोनही तीच उचलते. व्हॉट्सॅपवर लिहिलं असतं, पण 'गुरुबसप्पा परिवार' या ग्रुपचे मालक आमचे अप्पा, आणि त्यांनी तुम्हाला दिवाळीच्या पाडव्याच्या दुपारीच त्यातून काढून टाकलं. त्या दिवसापर्यंत त्यांना ग्रुपवर साधा फोटो टाकता येत नव्हता. माणूस कसा काढायचा हे ते उन्हाचं चालत जाऊन मेडिकलवाल्याकडून शिकून आले. राग माणसाला काय काय शिकवतो बघा.

तर आता मुद्द्याचं. मला आपल्या मैदानाचा हँडिकॅप काढायचाय, आणि तो निघत नाहीये. तुम्ही पुण्यात इतकी वर्षं गोल्फ खेळताय, हा रोग सोलापुरात तुम्हीच आणलात, तेव्हा औषधही तुमच्याकडंच मागणार. तुम्ही समजावलं होतं तेव्हा प्रकरण लई सरळ वाटलं होतं. कच्च्या माणसाला पक्क्याबरोबर खेळता यावं म्हणून त्याला काही फटके माफ करायचे, त्या माफीला हँडिकॅप म्हणायचं. पण माणसाचा आकडा एकटा चालत नाही. मैदान अवघड असेल तर माफी वाढवायची, सोपं असेल तर कमी करायची. म्हणून माणसाच्या आकड्याला मैदानाच्या अवघडपणाच्या आकड्यानं गुणायचं आणि एकशे तेरानं भागायचं. (हे एकशे तेरा कुठून आले, हे मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, 'तसंच असतं.' सोलापुरात एवढ्या उत्तरावर आपण टॉवेलसुद्धा घेत नाही.) आपल्या गोल्फ मंडळाचा सचिव मी. का, तर पहिल्या बैठकीला मला यायला उशीर झाला आणि पोचेपर्यंत बाकीची पदं संपली होती.

मैदान तुम्ही पाहिलंय, पण अक्काला वाचून दाखवाल म्हणून लिहितो. अक्कलकोट रस्त्याला शहर संपल्यावर डाव्या हाताला मुरमाचं जे माळरान आहे, जिथं ज्वारीसुद्धा उगवायला लाजते, तिथं आपलं हे नऊ होलचं मैदान. होलभोवतीच्या ज्या हिरवळीला जगभर ग्रीन म्हणतात, ते आपल्याकडं तेल घातलेल्या वाळूचं आहे आणि रंगानं तपकिरी आहे. तरी आपण त्याला ग्रीनच म्हणतो. बाजूनं ओढा आहे. ओढ्यात पाणी नाही, चेंडू आहेत. एकेका होलचा खर्च एकेका देणगीदारानं उचलला आणि तिथं आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी लावली. तेव्हाच ठरलं, की या जागांना 'खड्डा' म्हणायचं नाही. चार नंबरचे देणगीदार म्हणजे आपले अध्यक्ष बिभीषणराव, शेंगा चटणीवाले. ते म्हणाले, 'आमच्या मातोश्री मायाक्का यांच्या स्मरणार्थ खड्डा, हे बरं दिसतं व्हय?' मग 'घर' म्हणायचं ठरलं. चौथं मायाक्काचं घर, पहिलं ईरम्माचं घर, आणि आठवं आमच्या आईचं, आपल्या अव्वाचं, म्हणजे चंद्रव्वाचं घर.

पाडव्याला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही तेव्हा ताटाकडं बघत होता, म्हणून मी बाहेरून कसं दिसलं ते सांगतो. तुम्ही सकाळी खेळून आलात. अव्वाच्या घरात तीन फटक्यांचं काम तुम्ही दोनात केलं होतंत. पंगत बसली. अप्पांनी स्वतःच्या हातानं तुमच्या शेंगापोळीवर तूप वाढलं. आणि तुम्ही, जावयाला एरवी जे बोलायला माफी असते त्याच्याही पलीकडं जाऊन म्हणालात, 'अप्पा, तुमचं आठवं फारच सोपं आहे हो.' अप्पांच्या हातातली तुपाची वाटी तिथंच थांबली. 'चंद्रव्वा सोपी?' एवढंच बोलले आणि पंगतीतून उठले. दाजी, तुम्ही मैदानाबद्दल बोलत होता हे मला कळलं, दानेश्वरीला कळलं, वाटीतल्या तुपालाही कळलं असेल. पण अव्वाला कुणी सोपी म्हणावं हे आमच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. सूतवाले व्यापारी ताठ मानेनं यायचे आणि तिच्याशी बोलून भाव उतरवून जायचे. तुमचं लग्न ठरवताना तुमच्या वडिलांना तिनं तीनदा चहा पाजून तीनदा परत पाठवलं होतं, तेही आठवा. 'पुन्हा ह्या घरात सोपं काय हाय ते हुडकायला येऊ नका,' असं अप्पा दारातून म्हणाले ते चुकलंच. पण बोलून बसले. आणि अक्का त्यांचीच मुलगी, त्यांचीच दाक्षू, ती चप्पल घालून तुमच्या आधी गाडीत जाऊन बसली.

यानंतर पंधरवड्यात मंडळाची बैठक झाली, आणि तिथं कळलं की हँडिकॅपची माफी वाटायला घरांना नंबर लावावे लागतात. सगळ्यात अवघड घर एक नंबर, सगळ्यात सोपं नऊ नंबर. माफीचे फटके आधी एक नंबरला मिळतात. मी सचिव म्हणून हे वाचून दाखवलं आणि मान वर केली, तर बैठकीत जत्रेत कुणाची काठी पुढं न्यायची हा मान ठरवताना पसरते तसली शांतता. आपल्या गावात माणूस भाकरी सोडेल, मान सोडणार नाही, हे बाहेरच्या देशातल्या नियमवाल्यांना कुठून ठाऊक असणार? बिभीषणराव म्हणाले, 'मायाक्का एक नंबर. पुढचं घ्या.' ईरम्माचा नातू म्हणाला, 'काय बे, पहिलं घर आमचं आणि नंबर तुमचा?' अप्पा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी काठी आपटली. 'नऊ नंबर चंद्रव्वाला लावून दाखवा,' म्हणाले. कुणी दाखवलं नाही. शेवटी सर्वानुमते ठराव झाला, की नऊच्या नऊ घरं एक नंबर. (ठराव मीच लिहिला. अक्षर चांगलं आलंय.)

आता ठराव झाला म्हणजे तो खरा करून दाखवायला हवा, म्हणून लोक कामाला लागले. बिभीषणरावांनी मायाक्काच्या घरासमोर दगडांचा ट्रक उतरवला आणि वर येडू धनगराला गळ घातली, की मेंढरं इथंच बसव. येडू म्हणाला, 'मेंढरं माझ्या बाचंबी ऐकत न्हाईत सायेब, बसली तर बसली.' बसली. तेव्हापासून चौथ्यात चेंडू आणि कोकरू यांत फरक करायला डोळे बारीक करावे लागतात. ईरम्माच्या घराभोवती काटेरी घायपात लावली गेली. सातव्यावाल्यांनी होलच थोडं अरुंद करून पाहिलं, पण मग चेंडूच मावेना. आणि अप्पांनी काय केलं? शहाबादवरून माणसाच्या उंचीची, दार भरेल एवढी काळी फरशी आणवली, तिच्यावर 'चंद्रव्वा' अशी अक्षरं कोरून घेतली आणि होलच्या बरोबर मागं उभी केली. हेतू हा, की एवढी मोठी अव्वा समोर उभी दिसली म्हणजे खेळणाऱ्याचा नेम चुकावा. (मला विचाराल तर हेतू बरोबर होता. मी तिच्यासमोर चपला काढल्या.) रोज सकाळी ते रिक्षानं तिथं जायचे आणि ती फरशी खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून यायचे. उन्हाचं जाऊ नका म्हटलं की म्हणायचे, 'तिला धूळ चालत न्हाई.'

मागच्या रविवारी पुण्याहून मोजणीचा माणूस आला. मैदानाचा अवघडपणा तोच ठरवणार. तो आकडा जास्तीत जास्त एकशे पंचावन्न असतो म्हणे. सभ्य माणूस. पहिल्या घरी घायपात बघून त्यानं टोपी काढली, चौथ्या घरी मेंढरं बघून पाणी मागितलं, आणि सातव्यापर्यंत येताना मला हळूच म्हणाला, 'एकशे पंचावन्नच्या वर लिहायची सोय नाहीये.' सगळ्या देणगीदारांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मग आलं आठवं. अप्पा खुर्ची टाकून बसलेलेच होते. अव्वाची फरशी पुसून चकचकीत झाली होती.

त्या माणसानं चेंडू मारला. जरा जास्तच लांब गेला, सरळ ओढ्याच्या दिशेनं. फरशीवर टक् वाजलं आणि चेंडू माघारी येऊन होलजवळ बसला. बिभीषणराव आले. त्यांचा चेंडू कधीच नेम धरून जात नाही. तो गेला डावीकडं, दगडावरून उडाला, फरशीला लागला आणि होलजवळ बसला. ईरम्माच्या नातवाचा, तसाच. माझासुद्धा, दाजी! माझा चेंडू आजवर कुठंच बसलेला नव्हता. पूर्वी ओढ्यात जायचे ते सगळे चेंडू आता अव्वा अडवत होती आणि परत पाठवत होती. मोजणीच्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं आणि ते हातानं झाकलं.

अप्पा उठले. 'तुमी सगळे मुद्दाम करताय,' म्हणाले. 'आना हिकडं ती काठी.' दाजी, या माणसानं आयुष्यात गोल्फ सोडा, विटीदांडूसुद्धा खेळलेला नाही. आजोबांनी त्यांना दहाव्या वर्षीच मागावर बसवलं होतं. धोतर खोचलं, काठी लाटण्यासारखी धरली आणि चेंडूवर असा राग काढला की मुरूम उडाला. चेंडू जमिनीला चिकटूनच निघाला, ओढ्याच्या काठावरच्या दगडावर आपटला, वर उडाला, फरशीवर 'चंद्रव्वा'तल्या 'च'ला लागला आणि टपकन होलमध्ये पडला. एका फटक्यात. लांबून येडू ओरडला, 'म्हाताऱ्याचं गेलं की वो आत!' अख्ख्या सोलापुरात एकच माणूस मनापासून हरायला निघाला होता, आणि त्यालाच हरता येईना.

अप्पा चालत होलपाशी गेले. वाकले, हात घालून चेंडू काढला, टॉवेलनं पुसला. मग फरशीसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता फरशी पाडायला सांगतात की काय. मागून बिभीषणराव हळूच म्हणाले, की एका फटक्यात ज्याचं जातं त्यानं सगळ्यांना खाऊ घालायचं असतं, असा या खेळात रिवाज आहे. (बिभीषणरावांना खेळाचा हा एकच नियम पाठ आहे.) अप्पा वळले आणि म्हणाले, 'मग हुभं काय ऱ्हायलाय? जेवायला चला.' झाडून सगळे आले, मोजणीचा माणूस, येडू, येडूचा कुत्रासुद्धा. दानेश्वरीला निरोप न देता इतकी माणसं दारात उभी केल्याबद्दल तिनं मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. पण पिठलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अर्ध्या तासात पंगतीत होती. (चटणी बिभीषणरावांची नव्हती. त्यांनी ती दोनदा मागून घेतली.)

अप्पा स्वतः वाढत होते. कुणी 'पुरे' म्हटलं की ताटात आणखी पडायचं, अगदी अव्वासारखं. मोजणीच्या माणसानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर यांनी हाताच्या फटीतून भाकरी सरकवली. आणि तसंच भाकरीची टोपली धरून उभे असताना, कुणाकडं न बघता म्हणाले, 'अवघड हुती ती मला. आल्यागेल्याला सोपीच हुती की. दारावरनं कुणाला उपाशी जाऊ दिलं न्हाई तिनं. लिहा तुमच्या कागदात, आठवं घर नंबर नऊ.' दानेश्वरी आत गेली ती पाणी आणायला गेली असं मी समजतो. अव्वा गेल्यापासून अप्पांनी तिच्याबद्दल सलग चार वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. 'चंद्रव्वा' एवढं नाव घ्यायचे आणि पुढं काठी आपटायचे.

इथं सगळं मिटायला हरकत नव्हती. आठवं नऊ नंबर, बाकीच्यांचं काहीतरी जुळवलं असतं. पण बिभीषणरावांचा घास मध्येच थांबला. 'म्हंजे?' म्हणाले, 'आमची आई काय लोकास्नी उपाशी घालवत हुती व्हय? मायाक्काच्या घरी तर गडी-माणसं बारा महिने जेवायची. चौथं बी नऊ नंबर लावा.' झालं! ईरम्माचा नातू म्हणाला, आमच्या आजीनं दुष्काळात पाणपोई चालवली होती. हात धुवायच्या आत नऊच्या नऊ घरं सोपी झाली. सोमवारपासून चौथ्या घरावरचे दगड ट्रकमध्ये परत चढवताहेत. घायपात उपटली. सातव्यावाले होल घमेल्याएवढं करायचं म्हणताहेत. मेंढरं मात्र हलत नाहीत, त्यांना ती जागा आवडलीय. मोजणीचा माणूस जाताना म्हणाला, मैदान एका जागी थांबलं की कळवा. तेव्हा माझा प्रश्न असा, की ज्या मैदानात आधी सगळी घरं एक नंबर होती आणि आता सगळी नऊ नंबर आहेत, त्याचा हँडिकॅप कसा काढतात? पुण्यात कुणाला असं कधी झालंय का? नियमाच्या पुस्तकात बघून कळवावं. घाई नाही, पण भोगीच्या आत कळलं तर बरं.

बाकी क्षेम. अक्काला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

आपला,
शिवू

ता. क. हँडिकॅपचं राहू दे, दाजी. ते कळवलं नाही तरी चालेल. भोगीला तुम्ही दोघं या. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला अक्का नाही असं अजून कधी झालेलं नाही. अप्पा तोंडानं म्हणत नाहीत, पण परवा त्यांनी माळ्यावरून तिची लहानपणी जत्रेला न्यायची ती पोपटाच्या चित्राची फाटकी झोळी काढायला लावली आणि ऊन दाखवलं. मला काही ते बघवलं नाही. मी पत्र लिहितोय हे त्यांना माहीत नाही, तेव्हा आलात तर सहज आलो म्हणा.

आणखी एक. दानेश्वरीनं सांगितलंय, जेवताना मैदानाचा, गणिताचा, रस्त्याचा, कशाचाही विषय निघाला तरी 'सोपं' हा शब्द काढू नका. स्वयंपाक छान झालाय एवढंच म्हणा, आणि तेही दोनदा.

आणखी एक. अप्पा तुमच्याशी सामना खेळणार आहेत. (हे त्यांनी मला असंच, शून्यात बघत सांगितलं, 'पुन्याहून कुनी आलं तर'.) त्यांना नवख्याची सगळ्यात मोठी माफी मिळेल, ती घ्यायला ते तयार आहेत. फक्त आठव्या घरात एकही फटका माफ नको म्हणाले. चंद्रव्वाच्या घरी सवलत घेणार नाही. हे गणितात कसं बसवायचं ते तुम्हीच बघा.

आणखी एक, आणि हे शेवटचं. पाकीट डकवायला मी डिंक शोधत होतो, तेवढ्यात अप्पा दुकानात आले. त्यांनी पत्र उचललं, चष्मा लावला आणि माझ्यासमोर उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. 'लाटण्यासारखी' या शब्दावर माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं. खालचं अक्षर त्यांचं आहे.

म्हेश्वरराव, आठवं घर सोपं हाय. तुमी खरं बोललात. तिच्याबिगर हितलं घर लई अवघड झालंय. दाक्षूला घिऊन या. चेंडू तुमचे तुमी आना, आमचे समदे वड्यात हाईत.
— गुरुबसप्पा